धागा: अँटिबॉडीची कमतरता आणि पुन्हापुन्हा होणारे आतड्याचे संसर्ग

पित्तप्रकृती (धागाकर्ता)

सीव्हीआयडी (अनेक प्रकारच्या अँटिबॉडी कमी पडण्याचा आजार), एक्सएलए (जन्मापासून अँटिबॉडी न बनण्याचा आजार), आयजीए डेफिशियन्सी (आयजीए ही अँटिबॉडी कमी असणं), अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी मारणाऱ्या रिटुक्सिमॅबनंतर घसरलेलं आयजीजी (रक्तातली मुख्य अँटिबॉडी), या सगळ्यांवर इथे धागे आहेत. पण चर्चा छातीच्या संसर्गाभोवतीच फिरते. पोटाचा विषय शेवटच्या चार प्रतिसादांत येतो आणि 'दही खा, प्रोबायोटिक घ्या' यावर संपतो. म्हणून हा वेगळा धागा.

आधी नेहमीचा प्रश्न: दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी) चढवूनही जुलाब का होतात? कारण बाटलीत जवळपास सगळं आयजीजी असतं. ते रक्तात फिरतं आणि फुप्फुसांपर्यंत चांगलं पोचतं, त्यामुळे न्यूमोनिया कमी होतात. आतड्याच्या पोकळीत राखण करतं ते आयजीए. अस्तराखालच्या प्लाझ्मा पेशी ते जोडीजोडीने तयार करतात आणि अस्तराच्या पेशी एका खास रिसेप्टरवरून ते पलीकडे, पोकळीत सोडतात. बाहेरून दिलेल्या आयजीजीला हा रस्ता बंद असतो.

नुसतं आयजीए कमी असलेल्या बऱ्याच जणांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. त्याचंही उत्तर इथेच आहे: आयजीएम ही आणखी एक अँटिबॉडीसुद्धा त्याच रिसेप्टरवरून जाऊ शकतं आणि काम भागवून नेतं. सीव्हीआयडीत अनेकदा दोन्ही कमी असतात. एक्सएलएत तर बीटीके जनुकातल्या दोषामुळे बी पेशीच जवळपास नसतात.

त्यामुळे 'डोस वाढवला की पोट सुधारेल' असं गृहीत धरू नका. आणि जंतूचं नाव कळल्याशिवाय अँटिबायोटिक सुरू करू नका. अपवाद म्हणजे थंडी वाजून ताप, रक्ताचे जुलाब, रक्तदाब पडणं. तिथे नमुने घ्यायचे आणि निकालाची वाट न बघता उपचार सुरू करायचे.

धाग्यात येणारे डोस, वेगळं म्हटलं नसेल तर, प्रौढांचे आहेत. ते डॉक्टरांशी बोलताना माहिती म्हणून वापरा, दुकानात जाऊन गोळ्या घेण्यासाठी नाही.

अबोली

वाचनखूण साठवली. पहिलाच प्रश्न: 'स्टूल रूटीन नॉर्मल' असा रिपोर्ट तीनदा येऊनही जुलाब चालूच असतील तर?

स्लाइडवाला

तर रिपोर्टवर विश्वास ठेवण्याआधी लॅबने नेमकं काय शोधलं ते बघायचं. 'रूटीन'मध्ये सलाईन आणि आयोडीनचा थेंब टाकून स्लाइड पाहतात, बस. या रुग्णांत सगळ्यात जास्त सापडणारा परजीवी जिआर्डिया, आणि तो रोज पडत नाही. चार दिवस सिस्ट (त्याची कवचातली अवस्था) दिसतात, मग आठवडाभर एकही नाही. म्हणून नमुने तीन द्यायचे, एक दिवसाआड, साधारण दहा दिवसांच्या आत. एकाच दिवशी तीन डब्या देऊन काही साधत नाही.

डबी रुंद तोंडाची, कोरडी, झाकण घट्ट. नमुन्यात लघवी किंवा कमोडमधलं पाणी जाऊ देऊ नका, त्याने ट्रोफोझॉइट (त्याची हलणारी, कवच नसलेली अवस्था) मरतात. पातळ जुलाबाचा नमुना अर्ध्या तासात बघितला तरच जिवंत जिआर्डिया दिसतो: दोन केंद्रकांचा, पान गळताना गिरक्या घेतं तसा हलणारा. उशीर होणार असेल तर लॅबकडून फिक्सेटिव्हची (नमुना टिकवणाऱ्या द्रवाची) बाटली मागून घ्या. कल्चरचा (जंतू वाढवून बघण्याचा) नमुना निराळा द्यायचा, शक्यतो दोन तासांत, नाहीतर तो टिकवणाऱ्या केरी-ब्लेअर माध्यमात. बेरियमचा एक्स-रे, अँटासिड आणि अँटिबायोटिक यांच्यानंतर लगेच दिलेल्या नमुन्यात परजीवी दिसेनासे होतात.

आता मुख्य मुद्दा. फॉर्मवर नुसतं 'डायरिया' लिहू नका. डॉक्टरांकडून हे लिहून घ्या: अँटिबॉडी डेफिशियन्सी, जिआर्डिया अँटिजेन (जंतूचा अंश शोधणारी चाचणी), क्रिप्टोस्पोरिडियम (क्रिप्टो) या परजीवीसाठी मॉडिफाइड ॲसिड-फास्ट स्टेन, साल्मोनेला, शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर कल्चर, नोरोव्हायरस पीसीआर, अलीकडे अँटिबायोटिक झालं असेल तर सी. डिफिसिल (अँटिबायोटिकनंतर आतड्यात फोफावणारा बॅक्टेरिया) याचं टॉक्सिन.

कॅम्पायलोबॅक्टर नाव घेऊन मागावा लागतो. त्याला कमी ऑक्सिजन आणि ४२ अंश सेल्सिअस तापमान लागतं. नेहमीच्या प्लेटवर तो उगवतच नाही. क्रिप्टोचंही तसंच. त्याचे ओसिस्ट (कवचातली अवस्था) जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनचे, आयोडीनमध्ये यीस्टसारखे वाटतात. ॲसिड-फास्ट रंग दिल्यावरच गुलाबी-लाल होऊन उठून दिसतात.

अबोली

मल्टिप्लेक्स पीसीआर पॅनेल (एकाच नमुन्यात अनेक जंतू शोधणारी चाचणी) केलं तर हे सगळं एका झटक्यात होत नाही का?

स्लाइडवाला

बरंचसं होतं, आणि परवडत असेल तर जरूर करा. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. पीसीआरला मेलेल्या जंतूचं डीएनएही दिसतं, त्यामुळे उपचार संपल्यावर चार दिवसांनी पॉझिटिव्ह आलं म्हणून औषध निष्फळ ठरत नाही. दुसरं, कोणतं औषध लागू पडेल हे पॅनेल सांगत नाही. बॅक्टेरिया निघाला तर त्याच नमुन्यातून कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी करायला सांगा. नमुना आधीच टाकून दिला असेल तर पंचाईत, म्हणून हे फॉर्म भरतानाच सांगायचं.

थेंबेथेंबे

रक्ताच्या चाचण्यांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. अँटिबॉडी शोधणारी कोणतीही चाचणी या रुग्णांत दोन्ही बाजूंनी फसवते.

इम्युनोग्लोब्युलिन सुरू नसेल तर रक्तात शोधायला अँटिबॉडीच नसतात, कारण शरीर त्या बनवत नाही, म्हणजे चाचणी खोटी निगेटिव्ह. विडाल निगेटिव्ह म्हणून टायफॉइड नाही, असं इथे म्हणता येत नाही. ब्लड कल्चरच करावं लागतं. सीलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडण्याच्या आजाराची) टीटीजी-आयजीए तर निरर्थकच, कारण मोजायला आयजीए हवं ना!

इन्फ्युजन (इम्युनोग्लोब्युलिन चढवणं) सुरू असेल तर उलटा घोळ. हजारो दात्यांच्या प्लाझ्मातलं आयजीजी अंगात असतं, त्यामुळे हिपॅटायटिस बी कोअर अँटिबॉडी, सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) आयजीजी वगैरे उसन्या पॉझिटिव्ह येतात. मग लोक घाबरतात आणि भलतीच औषधं सुरू होतात. हिपॅटायटिससाठी सरफेस अँटिजेन आणि डीएनए, सीएमव्हीसाठी पीसीआर, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूसाठी युरिया ब्रेथ टेस्ट किंवा स्टूल अँटिजेन. म्हणजे जंतू स्वतः दाखवणारी चाचणी मागायची.

पायलोरीच्या या दोन्ही चाचण्यांआधी पीपीआय (जठरातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या) दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवं. सीव्हीआयडीत जठराच्या कॅन्सरचा धोका वाढलेला असतो, त्यामुळे पायलोरी सापडला तर तो पूर्ण घालवायचा आणि गेल्याची खात्री करायची.

पित्तप्रकृती

+१. आयजीए मोजल्याशिवाय सीलिॲकचा रिपोर्ट वाचूच नये. सीव्हीआयडीत लहान आतड्याच्या व्हिलाय (अन्न शोषणारे अंकुर) चपट्या होतात आणि बायोप्सी हुबेहूब सीलिॲकसारखी दिसू शकते. फरक एवढाच की अस्तराखाली प्लाझ्मा पेशी दिसत नाहीत किंवा फारच थोड्या असतात. पॅथॉलॉजिस्टला कमतरतेची कल्पना नसेल तर हे निसटतं आणि माणूस वर्षानुवर्षं गव्हाशिवाय जगतो, जुलाब जिथल्या तिथे. एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ (सीलिॲकशी जोडलेली जनुकं) दोन्ही निगेटिव्ह असतील तर सीलिॲक जवळपास बाद.

रसायनी

जिआर्डियाच्या औषधांचं लिहितो, कारण अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात.

टिनिडाझोल २ ग्रॅम, एकच डोस, जेवणासोबत. मुलांना किलोमागे ५० मिग्रॅ, कमाल २ ग्रॅम. मेट्रोनिडाझोल २५० मिग्रॅ दिवसातून तीनदा, ५ ते ७ दिवस. निटाझोक्सानाइड ५०० मिग्रॅ दोनदा, ३ दिवस, अन्नासोबतच, कारण रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही. अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ रोज, ५ दिवस. टिनिडाझोल आणि मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू नाही, आणि शेवटच्या गोळीनंतर तीन दिवस तरी नाही.

अँटिबॉडी नसताना एका कोर्सने काम होईलच असं नाही. पुन्हा लक्षणं आली की तीन शक्यता, आणि तिन्हींचं उत्तर वेगळं.

एक, जिआर्डिया गेला पण दूध पचत नाही. त्याने अस्तराला मार बसतो, लॅक्टेज (दूध पचवणारं एन्झाइम) कमी होतं, आणि ते भरून यायला कित्येक आठवडे लागतात. पोटफुगी, गॅस, पातळ शौच सगळं तेच, पण अँटिजेन निगेटिव्ह. दूध महिनाभर बंद करून बघा. इथे गोळ्यांचा दुसरा कोर्स देणं म्हणजे नुकसानच.

दोन, पुन्हा लागण. घरातल्या कुणाला काही त्रास नसतानाही सिस्ट पडत असतात, आणि त्या शौचातून बाहेर पडल्या क्षणापासून संसर्ग करू शकतात. अख्ख्या घराची तपासणी, लंगोट वापरणारं मूल असेल तर त्याची आधी. पाणीही तपासा.

तीन, औषधाला दाद न देणारा जिआर्डिया. इथे तेच औषध दुप्पट करण्यापेक्षा गट बदलायचा. टिनिडाझोलनंतर मेट्रोनिडाझोल म्हणजे त्याच गटातलं भावंड, त्याला बदल म्हणत नाहीत. निटाझोक्सानाइड, किंवा मेट्रोनिडाझोल आणि अल्बेंडाझोल एकत्र, आणि त्यानेही नाही तर क्विनाक्रिन, तेही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. मेट्रोनिडाझोलचे लांबलेले किंवा पुन्हापुन्हाचे कोर्स झाले असतील तर पायाला मुंग्या येतात का हे विचारत राहा. येत असतील तर थांबवून लगेच डॉक्टरांना सांगा.

माजघर

रसायनी, तुमचा एक नंबरचा मुद्दा सोन्यासारखा. पण स्टूल अँटिजेन निगेटिव्ह आणि वजन उतरतंय, अशा वेळी दूध बंद करून महिना घालवायचा का?

रसायनी

नाही. वजन उतरत असेल तर महिना थांबायचं नाही. एंडोस्कोपी करून ड्युओडेनमचा (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा) द्रव आणि बायोप्सी घ्यायची. शौचात न सापडलेला जिआर्डिया तिथे सापडतो, आणि व्हिलायची अवस्थाही कळते. दूध बंदचा प्रयोग वजन टिकून असलेल्यांसाठी.

स्लाइडवाला

बॅक्टेरियांचं थोडक्यात. साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर इतरांत आठवड्यात मिटतात, इथे महिनोन्‌महिने रेंगाळतात, बरे होऊन परत येतात, आणि रक्तातही उतरतात. त्यामुळे जुलाबासोबत ताप असेल तर स्टूलबरोबर ब्लड कल्चर घ्यायचंच.

कॅम्पायलोबॅक्टरला पहिलं औषध ॲझिथ्रोमायसिन, साध्या आजारात ५०० मिग्रॅ रोज ३ दिवस. सिप्रोफ्लॉक्सासिनला तो बऱ्याच ठिकाणी जुमानत नाही. आणि इथेच एक गोची: छातीसाठी आठवड्यातून तीनदा ॲझिथ्रोमायसिन चालू असलेल्या रुग्णात सापडलेला कॅम्पायलोबॅक्टर त्याच औषधाला निर्ढावलेला असू शकतो. सेन्सिटिव्हिटी आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

एक्सएलएच्या रुग्णात तापाबरोबर पायावर लालसर, दुखरे चट्टे येऊन जात असतील तर हेलिकोबॅक्टर सिनाइडी किंवा त्याची भावकी डोक्यात ठेवा. हा पायलोरी नव्हे. फार हळू वाढतो, ब्लड कल्चरची बाटली नेहमीच्या पाच दिवसांत फेकून दिली तर निसटतो. लॅबला फोन करून जास्त दिवस ठेवायला सांगा. उपचार दिवसांत नाही, आठवड्यांत मोजावे लागतात.

थेंबेथेंबे

छातीसाठीच्या रोजच्या अँटिबायोटिकचा दुसरा परिणाम सी. डिफिसिल. व्हॅनकोमायसिन १२५ मिग्रॅ चारदा, १० दिवस, आणि ते तोंडानेच. शिरेतून दिलेलं आतड्यात पोचत नाही. फिडाक्सोमायसिन २०० मिग्रॅ दोनदा, १० दिवस, यात आजार उलटण्याचं प्रमाण कमी. घट्ट शौचाची चाचणी करू नका, आणि बरं वाटल्यावर 'गेला का बघू' म्हणूनही करू नका, कारण तो काही काळ पॉझिटिव्ह राहतोच.

अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्या स्पोरना (टणक कवचातल्या बीजाणूंना) मारत नाही. नोरोव्हायरसवरही त्याचा भरवसा नाही. साबण आणि वाहतं पाणी, निदान २० सेकंद. संडासाची सीट, फ्लशचं बटण, नळाची चावी यासाठी ५ टक्के क्लोरीनचं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, १० मिनिटं ओलं ठेवून मग पुसणं. द्रावण रोज ताजं. टॉयलेट क्लीनर ॲसिडचा असतो, त्यात ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

माजघर

पाण्याबद्दल. उकळी फुटल्यावर एक मिनिट खळखळू द्या, समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. जिआर्डिया, क्रिप्टो, बॅक्टेरिया, व्हायरस सगळे मरतात. क्लोरीनच्या गोळ्या क्रिप्टोचं काही वाकडं करू शकत नाहीत. नियमित क्लोरीन टाकलेल्या पोहण्याच्या तलावातही तो आठवड्याहून जास्त जगतो. फिल्टर घ्यायचा तर 'ॲब्सोल्यूट १ मायक्रॉन' असं लिहिलेलं बघा. 'नॉमिनल १ मायक्रॉन' म्हणजे काही टक्के मोठे कण निसटणार. फिल्टरने व्हायरस अडत नाहीत, त्याला उकळणं किंवा यूव्ही. बर्फ आणि दात घासायचं पाणी लोक हमखास विसरतात.

सीडी४० लिगँड या प्रथिनाच्या दोषामुळे होणाऱ्या हायपर-आयजीएम या जन्मजात आजारात हे सगळं काटेकोर हवं. क्रिप्टो पित्तनलिकेत शिरतो आणि यकृताची वाट लावतो. तिथे आजार नसतानाही पाणी उकळूनच.

स्वयंपाकघरात कच्चं चिकन धुऊ नका, शिंतोड्यांतून कॅम्पायलोबॅक्टर सगळीकडे उडतो. आतून ७४ अंशांपर्यंत शिजवा, फ्रिज ४ अंशांवर ठेवा. न तापवलेलं दूध, कच्ची मोड आलेली कडधान्यं आणि कच्चं अंडं नको.

अबोली

नोरोव्हायरस पॉझिटिव्ह, चार महिने झाले तरी पॉझिटिव्ह. यावर औषध काय?

पित्तप्रकृती

खात्रीचं औषध नाही. निटाझोक्सानाइड, रिबाव्हिरिन, तोंडाने इम्युनोग्लोब्युलिन, सगळं वापरून झालंय, कुणाला गुण येतो, कुणाला नाही. पण तो शोधणं वाया जात नाही. सीव्हीआयडीत चपट्या व्हिलाय आणि वजन घटण्यामागे कधीकधी हाच असतो. तो न शोधता 'सीव्हीआयडी एंटेरोपथी' (सीव्हीआयडीतला आतड्याचा आजार) म्हणून स्टेरॉइड सुरू झालं तर विषाणूला रान मोकळं. बुडेसोनाइड असो की आणखी काही, त्याआधी जिआर्डिया, कॅम्पायलोबॅक्टर, सी. डिफिसिल, नोरोव्हायरस आणि सीएमव्ही बाद झालेले हवेत. सीएमव्हीसाठी बायोप्सीचा तुकडा तपासतात. स्टूलमधलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या सुजेची खूण) वाढलेलं असणं हा पुरावा नव्हे, ते संसर्गातही वाढतं.

सगळं निगेटिव्ह येऊन पोटफुगी जास्त असेल तर लहान आतड्यात बॅक्टेरिया वाढलेत का ते बघा. रिफाक्झिमिन ५५० मिग्रॅ तीनदा, १४ दिवस, हा नेहमीचा कोर्स. पीपीआय कारणाशिवाय चालू असेल तर डॉक्टरांना विचारून बंद करा. जठरातलं आम्ल हा अँटिबॉडी नसलेल्या माणसाचा उरलेला पहारेकरी आहे, त्यालाही झोपवायचं कशाला?

थेंबेथेंबे

इन्फ्युजनवाल्यांसाठी. डोस साधारण किलोमागे ४०० ते ६०० मिग्रॅ, दर ३-४ आठवड्यांनी. ट्रफ म्हणजे पुढच्या बाटलीच्या अगदी आधी घेतलेलं रक्त. ते ७०० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वर हवं, संसर्ग होत असतील तर आणखी वर. डोस तोच, वजन तेच, आणि ट्रफ मात्र उतरत चाललाय? मग आयजीजी कुठूनतरी गळतंय. अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) बघा, लघवीतलं प्रोटीन बघा. लघवी स्वच्छ असेल तर स्टूलमधलं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. ते वाढलेलं निघालं तर प्रोटीन आतड्यातून जातंय. अशांना त्वचेखालून दर आठवड्याला किलोमागे १०० ते १५० मिग्रॅ दिलं तर पातळी जास्त स्थिर राहते, कारण महिन्याचा साठा एकदम भरून तो हळूहळू गळू देण्याचा प्रकार होत नाही.

माजघर

अवांतर: घरातल्या बाळाला पोलिओचे थेंब?

थेंबेथेंबे

अवांतर अजिबात नाही. रुग्णाला तोंडाची पोलिओ लस नाही आणि घरातल्या कुणालाही नाही, इंजेक्शनची द्यायची. अँटिबॉडी नसलेल्या माणसाच्या आतड्यात लसीचा विषाणू वर्षानुवर्षं राहून बदलत जाऊ शकतो. तोंडाने घ्यायची टायफॉइडची जिवंत लसही रुग्णाला नको. घरातल्या बाळाला रोटाव्हायरसची लस चालते, पण नंतरचे काही आठवडे त्याचा लंगोट रुग्णाने बदलू नये.

अबोली

आणि प्रोबायोटिक? धाग्याच्या सुरुवातीलाच टोमणा मारलात.

रसायनी

टोमणा रास्त आहे. या रुग्णांत फायद्याचा पक्का पुरावा नाही, आणि ते जिवंत जंतू आहेत. सेंट्रल लाइन किंवा पोर्ट (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असेल, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी असतील किंवा आतड्याचं अस्तर सोललेलं असेल तर ते रक्तात गेल्याच्या नोंदी आहेत. सॅकरोमायसिस या यीस्टच्या प्रोबायोटिकची कॅप्सूल तर लाइन असलेल्या रुग्णाच्या खाटेजवळ उघडूही नये, हाताला लागलेली पावडर लाइनमध्ये जाते.

त्यापेक्षा ओआरएस घरात ठेवा. लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, हे २००२ पासूनचं प्रमाण. लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच, अर्धं पाकीट ग्लासात अंदाजाने नाही, आणि २४ तासांनंतर उरलेलं ओतून द्यायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिलि, दोन ते दहा वर्षांपर्यंत १०० ते २०० मिलि. ताप किंवा रक्त असेल तर लोपेरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) नाही.

स्लाइडवाला

एक राहिलं. दर महिन्याला एकाच दिवशी, एकाच काट्यावर वजन करून तारखेसह लिहा. शेजारी दिवसाची शौचाची संख्या आणि ब्रिस्टल प्रकार (शौच किती घट्ट किंवा पातळ, याचा १ ते ७ क्रमांक), ६ म्हणजे फाटक्या कडांचे मऊ तुकडे, ७ म्हणजे नुसतं पाणी. सहा महिन्यांनी बी१२, ड जीवनसत्त्व, लोह, जस्त, अल्ब्युमिन. जुने सगळे स्टूल रिपोर्ट एकाच फाइलमध्ये, आणि प्रत्येकावर पेनने लिहिलेलं: त्या वेळी कोणतं अँटिबायोटिक चालू होतं आणि नमुना लॅबमध्ये किती वाजता पोचला. निगेटिव्ह रिपोर्टची किंमत त्यावरूनच ठरते.